हजेरीपट आणि मतदारयादी

लंकेच्या मध्यभागीं जो डोंगराळ मुलूख आहे, तेथील चहाच्या मळ्यांवर कामाचा दिवस हजेरीनें सुरू होतो. नांव पुकारलें जातें, पटावर खूण होते आणि बायका पाठीवर टोपली घेऊन पानें खुडावयास चढणीला लागतात. मग पानांचें वजन होतें व त्याचीहि नोंद होते. अशा नोंदींतून एकेका कुटुंबाच्या दोन-तीन पिढ्यांचा हिशेब मळ्याच्या कचेरींत सांठलेला असे. परंतु १९४८ नंतर राज्याच्या दप्तरांत त्याच कुटुंबाचा ठिकाणा लागेनासा झाला. हजेरीपटावर ज्यांचीं नांवें होतीं, त्यांस मतदारयादींत जागा उरली नाहीं. या दोन कागदांमधील अंतर तोडण्यास ५५ वर्षें लागलीं. तें कसें तुटलें हें समजून घेण्यासारखें आहे. कारण नागरिकत्व ही कायद्यांतील नुसती व्याख्या नसून तो पुराव्याचा प्रश्न असतो, हें या हकीकतींत फार स्पष्टपणें दिसून येतें.

हे लोक मूळचे मद्रास इलाख्यांतील तमिळ जिल्ह्यांचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्रजांनीं लंकेंत कॉफीची लागवड सुरू केली, तेव्हांपासून त्यांस तिकडे नेण्यांत येऊं लागलें. मन्नारच्या किनाऱ्यावर उतरावें आणि तेथून जंगलांतील वाटेनें पायीं डोंगर गांठावा, असा तो प्रवास असे. आणि वाटेंतच रोगराईनें किती तरी माणसें मरत. कॉफीचें काम हंगामी असल्यामुळें पुष्कळसे मजूर हंगाम संपतांच माघारीं जात. पुढें १८६९ पासून पानांवर पडलेल्या रोगानें कॉफी बुडाली आणि तिची जागा चहानें घेतली. चहाचीं पानें बारमाही खुडावीं लागतात. तेव्हां मजुरास बायकामुलांसह मळ्यावरच राहणें प्राप्त झालें. मळेवाल्यांनीं त्यांच्यासाठीं एका रांगेंत लहान लहान खोल्या बांधल्या. या ‘लाइनींत’ पुढच्या पिढ्या जन्मल्या. मजुरांस आणणारा जो मुकादम, त्यास ‘कंगाणी’ म्हणत. त्यानें दिलेल्या उचलीचें कर्ज मजुराच्या मानेवर असे व तें ‘तुंडू’ नांवाच्या चिठ्ठीवर लिहिलेलें असे. एवंच, मजुराच्या जवळ पहिला कागद आला तो हक्काचा नव्हे, तर कर्जाचा होता.

१९३१ मध्यें लंकेंत प्रौढ मताधिकार आला. मळ्यांवरील मजुरांसहि तो मिळाला, पण पांच वर्षांच्या वास्तव्यासारख्या अटींवर. येथेंच लोकजागृतीची पहिली गरज भासली. मळा ही खाजगी मालमत्ता. परवानगीवांचून आंत पाऊल टाकणाऱ्यावर खटला होई. अशा काळांत तंजावरकडील एक पत्रकार, नटेश अय्यर, कापड विकणाऱ्याच्या वेषांत मळ्यांत शिरले. त्यांनीं मजुरांत पत्रकें वांटलीं व संघटनेचा पाया घातला. त्यांच्या पत्नी मीनाक्षी अम्माळ मजुरांच्या मेळाव्यांत स्वतः रचलेलीं गाणीं म्हणत. ज्यांस वाचतां येत नसे, त्यांच्यापर्यंत हक्काची गोष्ट त्या गाण्यांतून पोंचली. १९३९ मध्यें पंडित नेहरूंच्या लंका-भेटीनंतर सिलोन इंडियन काँग्रेस स्थापन झाली आणि मळ्यामळ्यांवर तिच्या समित्या उभ्या राहिल्या. १९४७ च्या निवडणुकींत या संस्थेचे ७ उमेदवार निवडून आले. इतरत्रहि मजुरांच्या मतांनीं डाव्या पक्षांस हात दिला.

हेंच यश पुढें त्यांच्या अंगावर आलें. १९४६ च्या शिरगणतींत भारतीय तमिळांची संख्या सुमारे ७ लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या शेंकडा ११ हून थोडी अधिक भरली होती. ज्या डोंगरांत मळे उठले, त्यांच्याच पायथ्याशीं सिंहली शेतकऱ्यांचीं गांवें होतीं. आपली जमीन मळेवाल्यांनीं बळकावली आणि आतां मतांच्या जोरावर आपण आपल्याच मुलुखांत मागें पडणार, अशी धास्ती त्यांस वाटत होती. ही धास्ती अगदींच निराधार होती असें म्हणतां येणार नाहीं. परंतु जमीन घेणारा निराळा होता. त्याचा दंड मात्र ज्याच्या मालकीची वीतभरहि जमीन नव्हती, त्या मजुराला भरावा लागला.

४ फेब्रुवारी १९४८ रोजीं लंका स्वतंत्र झाली आणि त्याच वर्षीं नागरिकत्वाचा कायदा मंजूर झाला. त्या कायद्यांत तमिळ मजुराचें नांव कोठेंहि नव्हतें. लंकेंत जन्मलेल्या माणसानें आपला बाप लंकेंत जन्मला होता, किंवा आजा व पणजा दोघेहि तेथेंच जन्मले होते, हें दाखवावें, एवढेंच त्यांत म्हटलेलें होतें. वरवर पाहतां अट सर्वांस सारखी. पण लाइनींतील खोलींत जन्मलेल्या बापाचा दाखला आणावयाचा कोठून? असा पुरावा गांवच्या सिंहली शेतकऱ्यासहि सहज देतां आला नसता. परंतु त्याच्याजवळ तो कोणी मागितला नाहीं. तमिळ पुढाऱ्यांपैकीं चेल्वनायकम यांनीं या प्रश्नावर आपल्या पक्षाशीं फारकत घेतली आणि १९४९ मध्यें निराळा पक्ष काढला. त्याच वर्षीं मताधिकार नागरिकांपुरता मर्यादित करण्यांत आला. शिवाय भारतीय व पाकिस्तानी रहिवाशांसाठीं अर्जाची एक वाट ठेवण्यांत आली. १ जानेवारी १९४६ पूर्वीं विवाहितानें ७ व अविवाहितानें १० वर्षें अखंड वास्तव्य केल्याचें सिद्ध करून दोन वर्षांच्या आंत अर्ज करावयाचा, अशी ती वाट होती.

काँग्रेसनें प्रथम या अर्जांवर बहिष्कार पुकारला. जो आपला हक्क आहे तो मागून कां घ्यावा, हा विचार स्वाभिमानाचा होता. पण त्यांत मोलाचा काळ गेला. पुढें धोरण बदललें आणि मुदत संपण्यापूर्वीं एकच धांदल उडाली. कार्यकर्ते रात्रीं लाइनीलाइनींतून हिंडून अर्ज भरूं लागले. वास्तव्याच्या पुराव्यासाठीं पुनः मळ्याच्याच दप्तराकडे धांव घ्यावी लागे. ऑगस्ट १९५१ पर्यंत सुमारे २ लाख ३७ हजार अर्ज गेले व त्यांत सुमारे सव्वाआठ लाख माणसांचा समावेश होता. ज्यांस सही येत नव्हती, त्या माणसांनीं इतक्या थोड्या अवधींत केलेलें हें काम लहान नव्हे.

त्याचें फळ मात्र अल्प मिळालें. १९५२ च्या निवडणुकीपूर्वीं यादींतून नांवें गळूं लागलीं, तेव्हां तोंडमन यांच्या नेतृत्वाखालीं कोलंबोंत सत्याग्रह झाला. तो चार महिन्यांहून अधिक काळ चालला. पण सरकार हललें नाहीं. त्या निवडणुकींत मळ्यांच्या काँग्रेसचा एकहि प्रतिनिधि निवडून आला नाहीं. न्यायाची शेवटची पायरी म्हणून प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलें. तेथेंहि १९५३ मध्यें निकाल विरुद्ध लागला. त्या सव्वाआठ लाखांपैकीं पुढील दहा-बारा वर्षांत सुमारे १ लाख ३४ हजारांसच नागरिकत्व मिळालें.

मग १९६४ सालीं शास्त्रीजी आणि सिरिमाव्हो भंडारनायके यांच्यामध्यें करार झाला. ९ लाख ७५ हजार माणसांपैकीं ५ लाख २५ हजार भारतानें घ्यावीं, ३ लाख लंकेनें ठेवावीं आणि उरलेल्या दीड लाखांचें मागाहून पाहावें, असें ठरलें. १९७४ मध्यें तो दीड लाखहि निम्मा-निम्मा वांटला गेला. वांटणी बिनचूक झाली. पण जीं माणसें वांटलीं गेलीं त्यांचें मत कोणी घेतलें नव्हतें. एका घरांतील एक भाऊ भारताचा, दुसरा लंकेचा, असे प्रकार घडले. ज्यांनीं भारत पूर्वीं कधीं पाहिला नव्हता, अशीं कुटुंबें तलैमन्नारहून बोटीनें रामेश्वरास उतरलीं. त्यांतील कित्येक नीलगिरीच्या चहामळ्यांत पुनः पानेंच खुडूं लागलीं. १९८४ मध्यें यादवीमुळें ही बोट बंद पडली आणि हजारों लोक ना इकडचे ना तिकडचे असे अडकून पडले.

येथून पुढें मात्र चळवळीनें आपलें खरें बळ ओळखलें. मजुराजवळ मत नव्हतें. पण त्याच्या हातांवांचून चहा निघत नव्हता. १९८६ च्या जानेवारींत, पोंगलाच्या सणापासून, तोंडमन यांच्या सिलोन वर्कर्स काँग्रेसनें प्रार्थनेची मोहीम सुरू केली. सकाळीं हजेरीच्या वेळीं मजूर कामावर न जातां देवळांशीं जमत आणि दुपारपर्यंत प्रार्थना करीत. संप म्हणावा तर तो संप नव्हता. आणि देवाचें नांव घेणारास शिक्षा तरी कशी करावी? थोड्याच दिवसांत सरकारनें बोलणें केलें आणि त्याच वर्षीं कायदा होऊन करारांतून उरलेल्या ९४ हजारांस नागरिकत्व देण्याचें ठरलें. १९८८ च्या कायद्यानें ही वाट आणखी रुंद केली.

तरीहि कायदा झाला म्हणजे दाखला हातीं पडतोच असें नाहीं. ओळखपत्र नसलेल्यास सरकारी नोकरी नाहीं, आणि यादवीच्या काळांत तर रस्त्यावरील प्रत्येक चौकींत संशय वाट्यास येई. अखेर ऑक्टोबर २००३ मध्यें नवा कायदा मंजूर झाला. ३० ऑक्टोबर १९६४ पासून लंकेंत कायम राहिलेला भारतीय वंशाचा माणूस आणि त्याची संतति हीं नागरिक होत, असें त्यानें ठरविलें. या वेळीं पणजाचा दाखला कोणी मागितला नाहीं. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था, कामगार-संघटना व स्वयंसेवक यांनीं मळ्यांवर फिरतीं केंद्रें उघडलीं आणि अवघ्या दहा दिवसांत सुमारे १ लाख ९० हजार माणसांचीं कागदपत्रें पुरीं झालीं. १९५१ सालीं लाइनींत दिवा लावून भरलेल्या अर्जांनीं जें साधलें नव्हतें, तें पुराव्याचें ओझें मजुराच्या डोक्यावरून उतरतांच साधलें.

तथापि प्रश्न संपला नाहीं. यादवींत भारतांत आश्रयास आलेल्यांपैकीं कित्येकांची नागरिकत्वाची अडचण पुढेंहि राहिली. लंकेंत मत मिळालें. पण अनेकांच्या पायांखालची जमीन व डोक्यावरचें छप्पर अजून मळ्याचेंच आहे. मळ्यांवरील लोकांच्या आगमनास २०० वर्षें झालीं म्हणून २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्यें तलैमन्नारहून मातलेपर्यंत पदयात्रा निघाली. पूर्वजांनीं ज्या दिशेनें डोंगर गांठला, त्याच दिशेनें नातवंडें-पतवंडें चाललीं. त्यांची मागणी घराची, जमिनीची आणि आपला समाज या देशाचा एक घटक म्हणून ओळखला जावा, अशी होती. पहिल्या प्रवासांत त्यांच्या पूर्वजांपाशीं कर्जाची चिठ्ठी होती. या प्रवासांत निघालेले लोक देशाचे नागरिक होते. पदरीं पडलेल्या त्या कागदाच्या बळावरच आतां पुढील मागणें करतां येत होतें.