जुने स्थलदर्शक नकाशे आणि आपल्या कुळांचा इतिहास
(शिरूर व दौंड तालुक्यांच्या निमित्ताने)

मुंबई, ठाणे वा पिंपरी-चिंचवड येथे स्थायिक झालेल्या अनेक बौद्ध कुटुंबांत वडीलधाऱ्या माणसांना मूळ गाव विचारले, तर ‘आम्ही घोडनदीकडचे’ किंवा ‘आम्ही भीमथडीचे’ असे उत्तर मिळते. नातवंडे ही नावे आजच्या तालुक्यांच्या यादीत शोधू लागतात आणि ती त्यांना सापडत नाहीत. वास्तविक घोडनदी म्हणजे शिरूर गावच होय. घोड नदीच्या काठी वसल्यामुळे लोकांच्या तोंडी ते नाव रूढ झाले. भीमथडी हा जुना तालुका होता आणि आजच्या दौंड तालुक्याचा प्रदेश त्यात मोडत असे. म्हणजे गाव होते तेथेच आहे; नाव मात्र सरकले आहे. अशा सरकलेल्या नावांचा माग काढण्याचे एक उत्तम साधन म्हणजे जुने स्थलदर्शक नकाशे. ते कसे वाचावेत, ते काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

हा केवळ हौसेचा विषय नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला मिळविताना व त्याची पडताळणी होताना १० ऑगस्ट १९५० या दिनांकाच्या वेळी कुटुंबाचे वास्तव्य कोठे होते, हे दाखवावे लागते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या कागदपत्रांत ‘बौद्ध’ अशी नोंद असते, तर त्यापूर्वीच्या नोंदी जुन्या जातिनामाने असतात. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या, तरी जुना पुरावा शोधण्याचे काम कुटुंबाच्या माथी राहिलेच. त्या पुराव्याचे दप्तर कोणत्या गावाचे व कोणत्या तालुक्याचे, हेच ठाऊक नसेल तर शोध कोठून सुरू करावयाचा? नकाशा हा जातीचा पुरावा नव्हे. परंतु पुरावा जेथे आहे त्या दाराशी तो आपणांस नेऊन पोचवितो.

नकाशाची ओळख

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ साली झाली. त्याच्या जुन्या नकाशांपैकी स्थानिक इतिहासास सर्वांत उपयुक्त ती ‘एक इंच म्हणजे एक मैल’ या प्रमाणाची मालिका होय. दशमान पद्धती आल्यावर तिची जागा १:५०,००० प्रमाणाच्या मालिकेने घेतली. तीत दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर असे अंतर धरावयाचे असते. या नकाशांत गावे, वाड्या, विहिरी, ओढे, गाडीवाटा, पायवाटा, देवळे, मशिदी, थडगी, टपाल कचेऱ्या आणि विश्रामगृहे सांकेतिक खुणांनी दाखविलेली असतात. जमिनीचा उंच-सखलपणा समोच्चरेषांनी कळतो. जुन्या रणभूमीसाठीही एकमेकींवर ठेवलेल्या दोन तलवारींची खूण असून तिच्याजवळ लढाईचे साल लिहिण्याची पद्धत आहे.

नकाशा हाती येताच प्रथम समासातील मजकूर वाचावा. तेथे सर्वेक्षणाचे वर्ष आणि छपाईचे वर्ष अशी दोन निरनिराळी वर्षे असू शकतात. गावाची स्थिती सर्वेक्षणाच्या वर्षाची असते, छपाईच्या वर्षाची नव्हे. हा भेद ध्यानात न घेतल्यास पुढील सारे अनुमान चुकते.

पत्रक कसे शोधावे

या मालिकेत चार अंश अक्षांश व चार अंश रेखांश एवढ्या प्रदेशास एक क्रमांक दिलेला आहे. पुणे जिल्हा ४७ या क्रमांकात येतो. त्याचे इंग्रजी अक्षरांनी ओळखले जाणारे सोळा भाग आणि प्रत्येक भागाची पुन्हा सोळा पत्रके पाडलेली आहेत. एका पत्रकावर पंधरा मिनिटे अक्षांश व पंधरा मिनिटे रेखांश, म्हणजे आपल्या भागात सुमारे २८ किलोमीटर लांब व २६ किलोमीटर रुंद एवढा मुलूख येतो. या हिशेबाने शिरूर गाव ४७ जे/५ या पत्रकावर, कोरेगाव भीमा ४७ जे/२ वर, पाटस ४७ जे/७ वर आणि दौंड ४७ जे/११ वर पडते.

इंग्रजी अमदानीतील नकाशांवर शिरूरचे नाव ‘सिरूर’ आणि दौंडचे ‘धोंड’ असे वाचावयास मिळते. एकाच नावाची अनेक गावे असतात, हेही विसरू नये. शिरूर तालुक्यात कोरेगाव भीमा आहे, तर दौंड तालुक्यात कोरेगाव भिवर आहे. शिरूर तालुक्यातच रांजणगाव गणपती आणि रांजणगाव सांडस अशी दोन रांजणगावे आहेत. शिरूर नावाचे तालुके तर बीड आणि लातूर जिल्ह्यांतही आहेत. घरातील आठवणीत नुसते ‘कोरेगाव’ किंवा ‘रांजणगाव’ एवढेच असेल, तर आजीला एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘गावाजवळ नदी कोणती होती, आणि बाजाराला कोठे जात होता?’ नदी आणि बाजाराची वाट या दोन खुणांवरून नकाशात योग्य गाव बहुधा निश्चित करता येते. उदाहरणार्थ, मुळा-मुठा जेथे भीमेस मिळते तेथील रांजणगाव म्हणजे रांजणगाव सांडसच.

शिरूर ते कोरेगाव : एक अभ्यास

आपल्या सर्वांस परिचित असलेली घटना घेऊन नकाशाचा उपयोग पाहू. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री साडेआठच्या सुमारास कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखालील फौज शिरूरच्या छावणीतून निघाली आणि १ जानेवारी १८१८ रोजी सकाळी दहाच्या सुमारास कोरेगावाजवळ पोचली. नकाशावर शिरूर आणि कोरेगाव यांत सरळ रेषेत सुमारे ३९ किलोमीटर अंतर भरते. प्रत्यक्ष वाट त्याहून लांब असणार. म्हणजे थंडीच्या रात्री, तोफा व सामान घेऊन, सुमारे साडेतेरा तासांत हे अंतर तुटले आणि त्यानंतर विश्रांती न मिळता दिवसभर लढाई झाली. पुस्तकातील एक ओळ अशा रीतीने पायांखालची वाट होते.

४७ जे/५ आणि ४७ जे/२ ही दोन पत्रके फक्त एका कोपऱ्यात एकमेकांस भेटतात आणि रांजणगाव गणपती त्या कोपऱ्याच्या जवळच आहे. त्यामुळे हा मार्ग पाहण्यासाठी शेजारची पत्रके जोडून टेबलावर मांडावी लागतात. मात्र एक सावधगिरी हवी. या मालिकेची पत्रके विसाव्या शतकातील आहेत. त्यांवरील रस्ता हाच १८१७ चा रस्ता, असे गृहीत धरता येत नाही. नद्या, उतार व जुन्या गावांची ठिकाणे यांवरून संभाव्य वाट सांगता येते, एवढेच.

नकाशा आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो. कोरेगाव भीमा हे गाव शिरूर तालुक्यात आहे. परंतु विजयस्तंभ नदीपलीकडे पेरणे येथे, हवेली तालुक्यात आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी ज्या स्तंभास भेट दिली, त्याच्या जागेचे कागद आणि कोरेगाव गावाचे कागद अशा प्रकारे दोन निरनिराळ्या तालुक्यांच्या दप्तरांत शोधावे लागतात. स्तंभावरील ‘नाक’ प्रत्ययाची नावे आपण अभिमानाने वाचतो. तोच प्रत्यय जुन्या कागदांत आपल्या पूर्वजांच्या नावांनाही लागलेला आढळतो. शोध घेताना ही गोष्ट उपयोगी पडते.

गाव, ओढा आणि वस्ती

आपल्या अभ्यासाचा खरा गाभा पुढेच आहे. नकाशावर गावाचा मुख्य पुंजका दिसतो आणि काही ठिकाणी त्यापासून थोड्या अंतरावर घरांचे लहान ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांना बहुधा नाव नसते. ते महारवाड्याचे, मांगवाड्याचे, की शेतातील वस्तीचे, हे नकाशा सांगत नाही. ते गावातील वृद्धांनाच विचारावे लागते. एकदा ओळख पटली की समोच्चरेषा पाहाव्यात. वस्ती गावाच्या वरच्या अंगास आहे की उताराच्या अंगास? ओढा प्रथम गावास लागून मग वस्तीकडे येतो काय? विहिरीची खूण कोठे आहे? समजा, वस्तीपासून विहिरीपर्यंत एक इंची नकाशावर पाव इंच अंतर भरले, तर ते सुमारे चारशे मीटर झाले. डोक्यावर घागर घेऊन आपल्या पणजीने रोज किती चालावे लागले, हे मोजपट्टीने सांगता येते. आणि जवळची विहीर तिला बंद असेल, तर ते अंतर आणखी वाढले. महाडच्या तळ्याचा अर्थ आपल्याच गावाच्या नकाशावर अशा रीतीने उमगतो.

येथे एका विसंगतीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. जुन्या ग्रामव्यवस्थेत शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. गावाची हद्द दाखविणे, सरकारी अंमलदारास वाट दाखविणे, ही वतनी कामे त्याचीच होती. म्हणजे कोणत्या बांधाशी गाव संपते आणि कोणत्या ओढ्यास काय म्हणतात, हे ज्ञान आपल्या पूर्वजांपाशी होते. ज्याच्या साक्षीने हद्द ठरे, त्याच्या स्वतःच्या घराची मात्र नकाशावर निनावी खूण राहिली.

वतनी जमिनीचा शोध स्थलदर्शक नकाशावर लागत नाही, कारण त्यावर सर्व्हे नंबर नसतात. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातील गाव नकाशा पाहावा लागतो. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. परंतु ‘हाडकी-हाडवळा’ म्हणून ओळखली जाणारी शेते अनेक गावांत वृद्धांच्या आठवणीत आहेत. गाव नकाशा सर्व्हे नंबर देतो, पण उंच-सखलपणा देत नाही. स्थलदर्शक नकाशा चढउतार देतो, पण सर्व्हे नंबर देत नाही. दोन्ही शेजारी ठेवले असता वतनाची जमीन ओढ्याकाठची काळी होती की माळावरची मुरमाड, याचा अंदाज बांधता येतो.

दौंड : लोहमार्ग आणि पाणी

दौंड तालुक्यात दोन गोष्टींनी नकाशा बदलला. पहिली लोहमार्ग. पुण्याहून दिक्सळपर्यंतचा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला आणि १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग होऊन दौंड हे मोठे जंक्शन बनले. वतनाच्या जोखडातून बाहेर पडू पाहणाऱ्या आपल्या समाजातील पुष्कळ माणसांना पलटण, गिरणी आणि रेल्वे ही तीन दारे मिळाली होती. आजोबा रेल्वेत होते एवढेच ठाऊक असेल, तर गावापासून जवळचे स्टेशन नकाशावर पाहावे. ते घर सोडून कोणत्या दिशेने गेले असावेत, याचा अंदाज येतो.

दुसरी गोष्ट पाणी. खडकवासल्याचा कालवा, वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव आणि पुढे भीमेवरील उजनी धरण यांनी जमिनीचे रूप पालटले. उजनी जलाशयाचे पाणी दौंड तालुक्याच्या पूर्व टोकापर्यंत येते. शिरूर तालुक्यात चिंचणी येथे घोड धरण झाले. धरणांपूर्वीच्या पत्रकांवर नदीकाठची जुनी गावठाणे, घाट आणि उताराच्या वाटा दिसतात. नंतरच्या पत्रकांवर तेथे निळा रंग असतो. ज्यांचे घर पाण्याखाली गेले, त्यांच्यासाठी जुने पत्रक हा घराचा शेवटचा ठसा होय.

नकाशा जे सांगत नाही

भगवान बुद्धांनी कालामांना उपदेश केला की, एखादी गोष्ट केवळ ऐकीव आहे, परंपरेने चालत आली आहे किंवा ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नये. हीच कसोटी कुळकथेस लावावी आणि छापील नकाशासही लावावी. नकाशा सर्वेक्षकाने पाहिले तेवढेच दाखवितो; त्याला जे दाखविण्याजोगे वाटले नाही, ते सुटते. उलट आजीची आठवणही कधी दोन गावांची सरमिसळ करते. म्हणून नकाशा, सरकारी दप्तर आणि आठवण या तिन्ही साक्षी एकमेकींशी ताडून पाहाव्यात, व जेथे त्या जुळत नाहीत तेथे तसे प्रामाणिकपणे लिहून ठेवावे.

विहारांनी काय करावे

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. माणसाच्या पत्त्यात त्याच्या अवमानाची खूण राहू नये. परंतु जुने नाव पाटीवरून पुसले जात असतानाच ते वहीत नोंदवून ठेवले नाही, तर पन्नास वर्षांनी आजच्या भीमनगराचा आणि जुन्या कागदातील महारवाड्याचा संबंध कोणास जोडता येणार नाही. पाटी बदलावी, नोंद जपावी, असे आमचे मत आहे.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठी खुली मालिका उपलब्ध झाली आणि २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशांवरील बंधने आणखी सैल झाली. अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात छापलेली १:२,५०,००० प्रमाणाची भारताची पत्रके टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने संगणकावर खुली केली आहेत. त्यांत बारीक तपशील नाही, तरी आरंभास ती पुरेशी आहेत.

प्रत्येक विहाराने आपल्या परिसराचे एक जुने व एक नवे पत्रक मिळवावे. वर्षावासात एखाद्या रविवारी गावातील वृद्ध उपासक-उपासिकांना बोलावून ते त्यांच्यापुढे पसरावे. वस्ती कोठे होती, पाणी कोठून आणीत, बाजाराची वाट कोणती, पहिले विहार कोठे उभे राहिले, हे त्यांनी बोटाने दाखवावे आणि तरुणांनी पारदर्शक कागदावर उतरून घ्यावे. सांगणाऱ्याचे नाव व दिनांक शेजारी लिहावा. हे काम पुढील वर्षावर ढकलता येण्याजोगे नाही. नकाशा ग्रंथालयात आणखी शंभर वर्षे राहील. त्यावरील निनावी ठिपक्याचे नाव सांगणारी माणसे राहणार नाहीत.