सुगंध म्हणजे शुद्ध हवा नव्हे

बंगळुरूच्या पूर्वेकडच्या महादेवपुरा भागात, म्हणजे व्हाइटफिल्ड, हुडी, मारतहळ्ळी, बेळंदूरच्या सोसायट्यांमध्ये, आयटीतल्या नोकरीसाठी आलेली अनेक मराठी कुटुंबं राहतात. रस्त्यावरची धूळ, संध्याकाळचे डास आणि बेळंदूर-वरथूर तलावांकडून येणारा सांडपाण्याचा वास यांमुळे खिडक्या लावून घेण्याची सवय इथे सहज लागते. मग बंद घर ‘फ्रेश’ वाटावं म्हणून प्लगला सुगंधी द्रवाची बाटली, बाथरूममध्ये वडी, हॉलमध्ये काड्यांचा डिफ्यूझर आणि तिन्हीसांजेला धूप. त्याच घरात कुणाचं डोकं दुखू लागतं, कुणाच्या शिंका थांबत नाहीत. त्यानं तक्रार केली, की ऐकावं लागतं, “तुझ्या नाकाचे चोचलेच फार!” या विषयाभोवती बरेच गैरसमज आहेत. ते एकेक करून तपासू.

गैरसमज : कृत्रिम सुगंध सोसत नाहीत, हे मनाचे खेळ आहेत.

वस्तुस्थिती : मेलबर्न विद्यापीठाच्या ॲन स्टाइनमन यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या हजाराहून अधिक प्रौढांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. सुगंधी उत्पादनांमुळे डोकेदुखी, श्वासाचा त्रास किंवा तत्सम काही ना काही होतं, असं सुमारे ३५ टक्के लोकांनी सांगितलं. ही लोकांनी स्वतः दिलेली माहिती आहे, डॉक्टरी तपासणी नव्हे. पण तीनातल्या एकाची तक्रार ‘चोचले’ म्हणून उडवून लावता येत नाही. त्यामागे शरीरशास्त्रही आहे. नाकात वास ओळखणाऱ्या नसेखेरीज जळजळ, चुरचुर टिपणारी वेगळी नस असते. दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका उग्र वासानं आकसू शकते आणि मायग्रेन असलेल्या अनेकांना ठरावीक वासानं कळ सुरू होते. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं २००९ मध्येच आपल्या कार्यालयांसाठी सुगंधमुक्त धोरण आणलं.

गैरसमज : एअर फ्रेशनरनं घरातली हवा शुद्ध होते.

वस्तुस्थिती : हवेतला एकही दूषित कण त्यानं कमी होत नाही, उलट नवी रसायनं मिसळतात. दुर्गंध तिथेच राहतो, फक्त त्याच्यावर दुसरा वास चढतो. थोड्या वेळानं नाक सरावतं, वास येईनासा होतो, म्हणून आपण पुन्हा फवारतो. लिंबू किंवा पाइनचा वास देणारी लिमोनिन, पायनिन ही द्रव्यं पटकन हवेत उडतात. बाहेरून आलेल्या ओझोनशी त्यांची प्रक्रिया होऊन फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. फॉर्माल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. एकदा फवारा मारला म्हणजे आजार झाला, असा याचा अर्थ नाही. प्रश्न मात्रेचा आहे. दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत रात्रंदिवस चालू असलेला प्लग ही मात्रा विनाकारण वाढवतो.

गैरसमज : घातक काही असतं, तर डब्यावर छापलं असतं.

वस्तुस्थिती : घरातला कुठलाही सुगंधी डबा उलटा करून बघा. वापरायची पद्धत असते, ‘आगीपासून दूर ठेवा’ अशी सूचना असते, किंमत असते. पण वासाच्या नावाखाली बहुतेक वेळा ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ एवढा एकच शब्द सापडतो. त्या एका शब्दात डझनावारी रसायनं मावतात. स्टाइनमन यांच्याच २०११च्या अभ्यासात २५ सुगंधी उत्पादनांतून हवेत उडणारी १३३ वेगवेगळी संयुगं आढळली. त्यांतली २४ अमेरिकी कायद्यांनुसार विषारी किंवा घातक गणली जाणारी होती. ‘हरित’ किंवा ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी उत्पादनंही याला अपवाद नव्हती. त्याआधी २००७ मध्ये अमेरिकेतल्या एनआरडीसी या पर्यावरण संस्थेनं १४ एअर फ्रेशनर तपासले, तेव्हा १२ मध्ये थॅलेट आढळले. वास टिकून राहावा म्हणून वापरली जाणारी ही रसायनं शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करू शकतात.

गैरसमज : कापूर, निलगिरी तर नैसर्गिक. त्यांचा कसला त्रास?

वस्तुस्थिती : याचं उत्तर बंगळुरूतूनच आलं आहे. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयातले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. थॉमस मॅथ्यू आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या चार रुग्णालयांत फिट आलेल्या ३५० प्रौढ रुग्णांचा अभ्यास करून तो २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या ५५ जणांच्या फिटचा संबंध सुगंधी तेलांशी जुळला आणि ती तेलं होती निलगिरी आणि कापराची. बाम चोळणं, वाफ घेणं, पोटात घेणं अशा मार्गांनी ती शरीरात गेली होती. २२ जणांना तर याआधी कधीच फिट आली नव्हती. आरतीच्या वेळी दोन वड्या कापूर जाळणं वेगळं आणि विजेच्या कापूरदाणीत तो तासन् तास उडत ठेवणं वेगळं. घरात फिटचा रुग्ण किंवा तान्हं बाळ असेल, तर कापूरदाणी बंदच ठेवावी.

गैरसमज : उदबत्ती-धूप आपल्या परंपरेतले, त्यांचा धूर बाधत नाही.

वस्तुस्थिती : म्हैसूरच्या उदबत्तीला २००५ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि तिचा सुवास खरोखर मोहक आहे. पण धूर तो धूरच. वजनाला वजन लावलं, तर उदबत्तीतून सिगारेटच्या चौपटीहून जास्त कण बाहेर पडतात : एका ग्रॅमला सुमारे ४५ मिलिग्रॅम, सिगारेटचे सुमारे १०. सिंगापूरमध्ये ६१,३२० लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ धूप-उदबत्ती लावणाऱ्यांत श्वसनमार्गाच्या काही कर्करोगांचं प्रमाण जास्त दिसलं; फुप्फुसाच्या सगळ्याच कर्करोगांशी मात्र असा संबंध आढळला नाही. डास पळवणारी उदबत्ती तर घेऊच नये. २०२५च्या अखेरीस भारतीय मानक ब्युरोनं उदबत्तीचं नवं मानक आणलं, त्यात ॲलेथ्रिन, परमेथ्रिनसारख्या कीटकनाशकांना मनाई आहे. डासांच्या कॉइलबद्दल २००३चा एक अभ्यास सांगतो, की एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात. पूजा सोडा, असं कुणी म्हणत नाही. खिडकी उघडून एक उदबत्ती लावावी. सहाणेवर उगाळलेलं चंदन आणि ताजी फुलं देवालाही चालतात, फुप्फुसांनाही.

गैरसमज : डांबराच्या गोळ्या पिढ्यान् पिढ्या वापरतोय, काही झालं नाही.

वस्तुस्थिती : या गोळ्या नॅप्थलीन किंवा पॅराडायक्लोरोबेंझिनच्या असतात. दोन्ही ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात आहेत. ज्या बाळांना जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनमुळे फुटू शकतात. बाळाची जुनी दुपटी अशा गोळ्यांत ठेवून थेट वापरायला काढू नयेत. बेसिनमध्ये गोळ्या टाकू नयेत आणि कपाटात त्या ठेवण्याऐवजी कपडे उन्हात खडखडीत वाळवून ठेवावेत.

गैरसमज : दुर्गंध घालवायला सुगंधच लागतो.

वस्तुस्थिती : दुर्गंध ही सूचना असते, ती झाकली की मूळ कारण राहून जातं. सप्टेंबर २०२२च्या पुरात महादेवपुऱ्यातल्या कितीतरी घरांत पाणी शिरलं होतं. अशी ओल भिंतीत मुरली, की बुरशीचा कुबट वास येतो. त्यावर फवारा मारला, तरी बुरशी वाढतच राहते; गळती बंद करून भिंत वाळवावीच लागते. कमी वापराच्या बाथरूममध्ये गटाराचा वास येत असेल, तर जमिनीवरची जाळी उचलून बघा. खालच्या न्हाणी ट्रॅपमध्ये पाणी साठलेलं असतं आणि तेच गटारातला वायू अडवतं. सुट्टीवरून परत येईपर्यंत ते सुकून जातं. तांब्याभर पाणी ओतलं, की वास थांबतो. स्वयंपाकघरात तर वास झाकणं धोक्याचंच. गॅसला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र मरकॅप्टन मिसळतात. शिवाय फवाऱ्याच्या डब्यात बहुधा ज्वालाग्राही वायू भरलेला असतो, तो पेटत्या शेगडीजवळ वापरू नये.

बंगळुरूची हवा वर्षातले बरेच महिने मायेची असते. रस्त्याकडची नको, तर आतल्या अंगणाकडची खिडकी उघडा, तिला डासांची जाळी लावा, ओला कचरा रोज काढा, बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा. सोसायटीच्या लिफ्टमध्ये आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये ठरावीक वेळानं आपोआप सुगंध फवारणारं यंत्र असेल, तर ते बंद करा, असं लेखी सांगा. यंदा दिवाळीच्या भेटीत सुगंधी मेणबत्त्यांचा संच देण्याआधी समोरच्याला विचारून घ्या. आणि घरातलं कुणी “हा वास नको” म्हणालं, तर वाद न घालता आधी तो प्लग काढून ठेवा.