अर्कावतीचे पाणलोट क्षेत्र

नंदी डोंगरात उगम पावणाऱ्या अर्कावतीस तिप्पगोंडनहळ्ळी येथे कुमुद्वती येऊन मिळते. या संगमावर १९३३ मध्ये बांधलेल्या जलाशयाने बंगळूर शहराची तहान अनेक दशके भागविली. १९७४ मध्ये कावेरीचे पाणी आल्यावरही पश्चिमेकडील वस्त्यांना त्याचा आधार होता.

एखाद्या नदीस पेयजलाचा संरक्षित स्रोत ठरविणे म्हणजे केवळ तिच्या पात्राचे नव्हे, तर जेथून पाणी वाहत येते त्या साऱ्या भूमीचे नियमन करणे होय. कर्नाटक शासनाने १८ नोव्हेंबर २००३ च्या अधिसूचनेने नेमके हेच योजिले. पाणलोट क्षेत्राचे चार विभाग पाडण्यात आले; जलाशयाभोवती दोन किलोमीटर आणि नद्यांच्या तीरांलगत एक किलोमीटरच्या पट्ट्यांत बांधकामे व कारखाने यांवर निर्बंध आले.

निर्बंध योग्यच होते. परंतु नकाशावर आखलेल्या रेषेपाशी भूजलाचा उपसा काही थांबत नाही. विंधन विहिरी खोल होत गेल्या, निलगिरीची लागवड पसरली, आणि पावसाळ्यानंतर नदीस जिवंत ठेवणारे पाझर आटले. पात्रात वाहत राहिले ते बहुतांशी सांडपाणी. २०१२ मध्ये जलाशयातून शहरास होणारा पुरवठा बंद पडला; आणि तो बंद असतानाच, २०१९ मध्ये, संरक्षक पट्ट्यांचे निर्बंधही शासनाने शिथिल केले.