तलफेची घटका

दारूची तलफ लाटेसारखी असते. ती चढते, माथ्यावर थोडी रेंगाळते आणि घोट न घेताही ओसरते. बहुतेक वेळा हा सगळा खेळ वीस-तीस मिनिटांत आटोपतो. जुन्या हिशेबाने घटकाभरात. मोबाइलवरची व्यसनोपचाराची साधने मुख्यतः या घटकेसाठी बेतलेली आहेत. समुपदेशक आठवड्यातून एकदा भेटतो. तलफ मात्र कामाची पाळी सुटल्यावर, वाटेवरच्या देशीच्या दुकानासमोर गाठते. त्या वेळी जवळ कोणी नसते, खिशात फोन असतो.

साधनांचे प्रकार बरेच आहेत. काही ठरल्या वेळी मराठीत संदेश पाठवतात, काहींत आवाजी प्रश्नांना बटण दाबून उत्तर द्यायचे असते, तर काही पूर्ण ॲप असतात. ॲप संध्याकाळी विचारते, ‘आज तलफ किती? शून्य ते दहा.’ सात दाबले की पुढचा प्रश्न येतो: जेवण झाले का, कोणाशी भांडण झाले का, एकटे आहात का, थकला आहात का? पिण्याकडे ओढणारी ही चार नेहमीची कारणे. जेवण राहिले असेल तर आधी पोटात काहीतरी घालायला सांगितले जाते. सल्ला साधा वाटतो, पण उपाशी पोटी तलफ जोर धरते, हे दारू सोडणारा प्रत्येक जण जाणतो.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातील डेव्हिड गुस्ताफसन यांच्या गटाने तयार केलेले ‘ए-चेस’ हे ॲप याच्या पुढे जाते. निवासी उपचारांतून घरी परतणाऱ्यांसाठी ते केले होते. माणूस आपल्या जुन्या गुत्त्याजवळ पोहोचला की फोन सावध करतो आणि संकटाचे बटण दाबताच मदतीची सोय पुढे येते. 349 जणांवरचा त्याचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. ॲप वापरणाऱ्या गटात जास्त पिण्याचे दिवस महिन्याला सरासरी 1.39 होते, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात 2.75. अमेरिकेतल्याच ‘रीसेट’ या ॲपला 2017 मध्ये औषध नियामकाची मान्यता मिळाली आणि डॉक्टर ते चिठ्ठीवर लिहून देऊ लागले. ते बनवणारी कंपनी मात्र 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली. ॲप गुणकारी ठरले म्हणजे त्याचे पैसे कोणी भरेलच, असे नाही.

ज्यांना घरच नाही त्यांची गोष्ट आणखी वेगळी. न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी 1992 मध्ये एक उलटी रीत सुरू केली: आधी खोली द्यायची, दारू सुटण्याची अट घालायची नाही, आणि मदतनीस हाताशी ठेवायचे. अशा आधारनिवासात ॲप चांगले रुजू शकते, कारण चार्जिंगला जागा असते, दाराला कडी असते आणि संदेश आल्यावर बोलायला शेजारी माणूस असतो. आपल्याकडे अशी घरे जवळजवळ नाहीत. व्यसनमुक्ती केंद्रातला काही आठवड्यांचा मुक्काम संपला की माणूस त्याच गल्लीत, त्याच मित्रांत परततो.

अशा गल्लीचे एक उदाहरण म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातले राजूर, कोळशाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्यांवर वाढलेले गाव. अंगमेहनतीनंतरची दारू हा अशा कामगार वस्त्यांत दिनक्रमाचाच भाग होऊन बसतो. वर्धा नदीपलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यात 2015 ते 2021 दारूबंदी होती, यवतमाळात नव्हती. त्यामुळे नदीअलीकडची दुकाने पलीकडच्यांनाही सोयीची होती. वणी शहरात एप्रिल 2021 मध्ये, टाळेबंदीत दारूची दुकाने बंद असताना, हाताला लावायचे सॅनिटायझर पिऊन सात जणांचा जीव गेला.

कोणतेही ॲप कुठे थांबते, हे या घटनेवरून समजते. रोज भरपूर पिणाऱ्या शरीराची दारू एकाएकी तुटली की काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस भ्रमात जाऊन नसलेल्या गोष्टी पाहू लागतो. ही अवस्था म्हणजे तलफ नव्हे आणि ती घटकाभरात ओसरत नाही. तिला डॉक्टर, डायझेपामसारखे औषध आणि बी-1 जीवनसत्त्व लागते. अशा माणसाला दीर्घ श्वास घ्यायला सांगणारा संदेश पाठवणे म्हणजे साप चावलेल्याला नुसता धीर देण्यासारखे. ॲपची पाळी त्यानंतरची, शरीर स्थिरावल्यावरची.

पण धोकादायक पिणारे सगळेच या टोकाला गेलेले नसतात. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 377 पुरुषांवर एक प्रयोग केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या चाचणीत त्यांना 40 पैकी 12 ते 19 गुण होते. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के सावरले होते, इतरांपैकी 26 टक्के. पुढे याच संस्थेने मोबाइल संदेशांतून अशी मदत देण्याचे काम हाती घेतले. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचे दिसले होते. तेव्हा फोन डॉक्टरची जागा घेईल का, या वादाला खेड्यात फारसा अर्थ उरत नाही. तिथे फोनच्या जागी बहुतेकदा काहीच नसते.

तरी साधन वस्तीला बसणारे हवे. भूमिगत कोळसा खाणीत मोबाइल नेता येत नाही, म्हणून खाणकामगाराला दुपारी पाठवलेला संदेश वाया जातो. तो पाळी सुटताना यायला हवा. भाषा पुस्तकी नको, ‘मद्यपान’ नव्हे, ‘दारू’. वणीकडच्या माणसाला तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याबद्दलही विचारायला हवे, कारण काही जण दारू सोडताना खर्रा वाढवतात. फोन घरात एकच असेल तर संदेश बायको-मुलेही वाचणार. काही घरांत त्याचा आधार होतो, काहींत भांडण. त्यासाठी संदेशात ‘दारू’ शब्द ठेवायचा की नाही, हे आधी त्या माणसालाच विचारावे लागते.

ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यांच्यासाठी 14446 हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. ऑक्टोबर 2022 पासून 14416 या टेलि-मानस क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते. दोन्ही मोफत आहेत आणि त्यांना इंटरनेट लागत नाही.