समुद्रकांठीं भिंगाची राखण

भुईगावचा किनारा पश्चिमाभिमुख आहे. दोन वर्षांपूर्वीं, मार्गशीर्षांतील एका सायंकाळीं, आमचे थोरले बंधु तेथें सुरूंच्या झाडांशीं उभे होते व आमचा नातू आपल्या नव्या कॅमेऱ्यानें त्यांचें छायाचित्र घेत होता. भिंगावर खारे तुषार उडालेले पाहून मीं तें सवयीनें उपरण्याच्या टोकानें पुसलें. उपरण्यास वाळू लागलेली होती! भिंगावर जे ओरखडे उमटले ते कायमचेच. मावळता सूर्य समोर असल्यामुळें छायाचित्रावर धुरकट पट्टा आला. पुढें दोन महिन्यांनीं दादा गेले. त्यांचें शेवटचें छायाचित्र तें हेंच.

वाळूंतील गारगोटीचे कण कांचेहून कठीण असतात. शिवाय भिंगावर एक अतिसूक्ष्म लेप असतो. लेपावांचून कांचेच्या प्रत्येक पृष्ठावरून शेंकडा सुमारें ४ भाग प्रकाश परत फिरतो. तो वांचविण्याची युक्ति जर्मनींतील झाइस कारखान्यांत अलेक्झांडर स्माकुला यांनीं १९३५ सालीं काढिली. ओरखड्यानें हा लेपच प्रथम जातो.

यावर उपाय दोन. परंतु दोहोंचीं कामें भिन्न. फिल्टर म्हणजे भिंगापुढें आट्यांनीं बसविलेली सपाट कांच. वाळू व तुषार ती आपल्यावर झेलते, आणि खराब झाल्यास भिंगाच्या मानानें अल्प खर्चांत बदलतां येते. मात्र तिच्यामुळें प्रकाशाच्या वाटेंत आणखी दोन पृष्ठें येतात. सूर्य किंवा रात्रीचे दिवे समोर असतां चित्रांत नसते ठिपके उमटतात. म्हणून लेप दिलेलाच फिल्टर घ्यावा, व वारा पडलेला असेल तर अशा वेळीं तो काढावा.

हूडचें काम निराळें. उन्हांत दूरवर पाहतांना आपण कपाळाशीं तळहात धरतों, तसा तो बाजूचें ऊन अडवितो. कॅमेरा आपटल्यास पहिला धक्काही बहुधा तोच सोसतो. परंतु समोरून येणारे तुषार त्यास अडवितां येत नाहींत, आणि सूर्य चौकटींतच असेल तर त्याचा उपयोग नाहीं. पाकळ्यांचा हूड तिरपा बसल्यास चित्राचे कोपरे काळवंडतात, हेंही ध्यानांत ठेवावें.

पुसण्यापूर्वीं रबरी फुग्याच्या वाऱ्यानें वाळू उडवावी; मगच मऊ, स्वच्छ कापड लावावें. पावसाळ्यांत बुरशीपासून भिंग वांचवावयाचें तर तें सिलिका जेलसह हवाबंद डब्यांत ठेवावें. तेथें फिल्टर कामाचा नाहीं.

नातवानें मला बोल लाविला नाहीं. दादांचें तें छायाचित्र आमच्या माजघरांत, पट्ट्यासकट, लाविलेलें आहे. आणि भुईगावास जातांना कॅमेऱ्यावर फिल्टर चढला कीं नाहीं, हें आतां मीच पाहतों.