तांदूळ सीमेपाशी थांबतो

मे २०२० मध्ये नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, बाघनदीच्या सीमेवर, परतणाऱ्या मजुरांची रीघ लागली होती. अनेकांची नावे गावच्या शिधापत्रिकेवर होती; पण ज्या शहरात ते राबत होते, तेथे त्या पत्रिकेवर दाणाही मिळत नव्हता. एरवी सार्वजनिक वितरण व्यवस्थेसाठी वाखाणल्या जाणाऱ्या छत्तीसगडच्या वाट्याला हा विरोधाभास यावा, हे विचार करण्याजोगे आहे.

या राज्याने २००४ मध्ये रास्त भावाची दुकाने खासगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, बचत गट व सहकारी संस्थांकडे सोपवली. २००७ मध्ये ३ रुपये किलोने तांदूळ देण्याची योजना आली आणि मुख्यमंत्री रमण सिंह ‘चाउर वाले बाबा’ ठरले. डिसेंबर २०१२ मध्ये, म्हणजे केंद्राच्या आधी, राज्याने स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा संमत केला. अंत्योदय व प्राधान्य कुटुंबांना दरमहा ३५ किलो धान्य हा त्याचा गाभा होता. त्याच वर्षी रायपूर शहरात शिधापत्रिकाधारकास दुकान निवडण्याची मुभा मिळाली. माप मारणाऱ्या दुकानदाराकडे पाठ फिरवण्याचे शस्त्र गरिबाच्या हाती आले. अर्थात, व्यवस्था निर्दोष नव्हती. फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्याच्या नागरी पुरवठा महामंडळावर छापे पडले आणि ‘नान’ प्रकरण वर्षानुवर्षे गाजत राहिले.

तथापि, रायपूरची ही मुभा राज्याच्या सीमेपलीकडे जात नव्हती. टाळेबंदी २५ मार्च २०२० रोजी लागू झाली. शिधापत्रिका नसलेल्या सुमारे ८ कोटी स्थलांतरितांना दोन महिने माणशी ५ किलो धान्य देण्याची घोषणा केंद्राने केली, ती मात्र १४ मे रोजी. तोवर सात आठवडे उलटले होते. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेसाठी राज्यांना ३१ जुलैची मुदत घालून दिली. तरीही छत्तीसगड त्यात सामील झाले फेब्रुवारी २०२२ मध्ये.

आता रायपूरचा मजूर नागपुरात पत्रिकेचा किंवा आधारचा क्रमांक सांगून, अंगठा उमटवून धान्य उचलू शकतो. कुटुंबाचा उरलेला वाटा गावी घेता येतो. मात्र ही सोय केंद्रीय कायद्याखालील हक्कापुरतीच आहे. राज्याने आपल्या खजिन्यातून दिलेली वाढीव सवलत सीमेपाशीच थांबते. शिवाय केंद्रीय लाभार्थ्यांची मर्यादा अद्याप २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. त्यामुळे पात्र असूनही यादीबाहेर राहिलेल्यांना या योजनेचा उपयोग नाही.

याचे मूळ राजकारणात आहे. स्थलांतरित जेथे राबतो तेथे बहुधा मतदार नसतो, आणि जेथे मतदार असतो तेथे वर्षाचे कित्येक महिने नसतो. त्याच्या ताटाची जबाबदारी घेण्यात यजमान राज्याला मतांचा लाभ दिसत नाही आणि मूळ राज्याचा हात तेथवर पोहोचत नाही. पुढील आपत्तीत बाघनदीवर पुन्हा तशीच रीघ लागू नये, अशी इच्छा असेल, तर या मजुरांची नोंद व त्यांच्या धान्याचा कोटा शांततेच्या काळातच निश्चित व्हावा लागेल. भूक सात आठवडे थांबत नाही.