डेटाचा रांजण घरातच, पण फुटला तर?

पाण्याचं गणित धर्मापुरीच्या पोरांना शिकवावं लागत नाही. 2016च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. लांबच्या पाण्याची वाट बघावी लागते, घरातल्या रांजणातलं लगेच हाती येतं. पण रांजण फुटला की सगळं गेलं! कंटेनर क्लस्टरमधल्या लोकल स्टोरेजचंही तसंच आहे.

कंटेनर म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सामान यांचं एक गाठोडं. अशी शेकडो गाठोडी अनेक मशीनवर सांभाळतं ते कुबरनेटिस. एक मशीन बंद पडलं की ते ॲप दुसऱ्यावर सुरू करतं. पण डेटा पहिल्याच मशीनच्या डिस्कवर असेल तर? ॲप ‘पेंडिंग’ दाखवत ताटकळत बसतं.

मग लोकल डिस्क हवी कशाला? वेगासाठी. नेटवर्कचा फेरा वाचतो आणि डेटाबेस पळतो. कुबरनेटिसमध्ये ही सोय 2019मध्ये, 1.14 आवृत्तीत पक्की झाली. बंगळुरूत रुजलेल्या ‘ओपनईबीएस’ या ओपन सोर्स प्रकल्पाचे लोकल ड्रायव्हर हेच काम करतात.

डेमोत चाललं म्हणजे प्रॉडक्शनला टिकेलच असं नाही. साधं फोल्डर दिलं तर 10 जीबी मागणारं ॲप अख्खी डिस्क खाऊन शेजाऱ्याला उपाशी ठेवू शकतं. एलव्हीएम वापरलं की प्रत्येकाचा हिस्सा वेगळा राहतो. ॲप कुठल्या मशीनवर बसणार हे आधी ठरायला हवं, जागा नंतर कापायची. कुठे किती जागा शिल्लक आहे, हे ड्रायव्हरने सांगत राहायला हवं. तीच मागणी चुकून दोनदा आली, तरी व्हॉल्यूम एकच बनला पाहिजे.

आणि डिस्कच जळाली तर? तिथे लोकल ड्रायव्हर हात टेकतो. म्हणूनच कॅसँड्रा, मोंगोडीबी यांसारखे डेटाबेस आपल्या प्रती वेगवेगळ्या मशीनवर ठेवू शकतात. त्या वेगळ्या ठेवणं आणि बॅकअप घेणं हे आपलं काम.

हे शिकायला पुण्याला जायची गरज नाही. लॅपटॉपवर लिनक्सची तीन व्हर्च्युअल मशीन उभी करा, त्यावर डेटाबेस चालवा आणि मध्येच एक मशीन धाडकन बंद करा. काय वाचलं, काय गेलं, ते लिहून काढा. मुलाखतीत ‘कुबरनेटिस येतं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते मोडल्यावर काय होतं, हे सांगणारे मोजकेच असतात.